फोन चार्ज होत नाहीये? आधी पिन उलटी करून बघा

बार्शीला माझ्या मामांचं रसवंतीगृह आहे. गेल्या एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन सीझनला, त्यांचा फोन चार्ज व्हायचा बंद झाला. दुपारच्या गर्दीत फोन बंद म्हणजे पेमेंट आलं की नाही ते कळत नाही, उसाच्या गाडीवाल्याचा फोन लागत नाही. मामा तसेच मोबाईलच्या दुकानात गेले. दुकानदाराने आपली केबल लावून बघितली, फोन दोन-तीनदा हलवला आणि सांगितलं, "बोर्ड गेलाय. साडेचार हजार लागतील, तेही गॅरंटी नाही. त्यापेक्षा नवीन घ्या." मामांनी तिथंच हप्त्यावर नवीन फोन घेतला. महिना बाराशे रुपये, बारा हप्ते. जुना फोन गल्ल्याखालच्या खणात गेला.

दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा तो खणातला फोन काढला. माझ्याकडे यूएसबी मीटर असतो. चार्जर आणि फोनच्या मध्ये लावायची ही छोटी वस्तू काही शे रुपयांत मिळते आणि किती व्होल्ट, किती अँपिअर जातायत ते दाखवते. टाइप-सी केबल लावली तर मीटरचा स्क्रीनसुद्धा पेटला नाही. फोनच्या बाजूची पिन काढून उलटी करून लावली आणि मीटर पेटला. फोन मात्र काळाच. तसाच ठेवला. वीस-पंचवीस मिनिटांनी लाल बॅटरीचं चिन्ह आलं.

बोर्ड गेलेलं नव्हतं. पोर्टच्या एका बाजूचा संपर्क रसाच्या चिकट थराने आणि गंजाने गेला होता. दुसऱ्या एका कारागिराने फोनच्या तळाशी असणारा छोटा चार्जिंग बोर्ड साडेतीनशे रुपयांत बदलून दिला. फोन सुरू आहे. नव्या फोनचे पाच हप्ते मात्र तेव्हा बाकी होते.

हा किस्सा सांगतोय कारण सध्या चार्जिंगबद्दल बातम्या खूप येतायत. युरोपात सगळ्यांना एकच चार्जर, भारतात टाइप-सीचं मानक, दुरुस्तीचा हक्क, बॅटरी स्वतः बदलता येणारे फोन. या बातम्यांचा मामांच्या त्या एप्रिलच्या दुपारशी काय संबंध आहे, हे मला समजून घ्यायचं होतं. माझं मत आधीच सांगतो. पिन एकसारखी झाली हे चांगलंच झालं, पण त्यामुळे बिघाड ओळखणं सोपं झालेलं नाही, उलट थोडं फसवं झालंय. आणि बिघाड ओळखला तरी सुटा भाग मिळत नसेल तर "नवीन घ्या" हेच उत्तर ऐकू येणार.

एकच पिन, पण भाषा वेगवेगळ्या

युरोपियन युनियनमध्ये २८ डिसेंबर २०२४ पासून विकले जाणारे नवे मोबाईल, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन वगैरे वायरने चार्ज होत असतील तर त्यांना टाइप-सी पोर्ट असणं बंधनकारक झालं. लॅपटॉपसाठी ही तारीख २८ एप्रिल २०२६ आहे. ॲपलने त्याआधीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ पासून टाइप-सी आणलं. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाच्या बैठकीत टप्प्याटप्प्याने टाइप-सीकडे जाण्यावर सहमती झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं.

आता घरातली कुठलीही केबल कुठल्याही फोनमध्ये बसते, म्हणून आपण समजतो की चार्जही तशीच होणार. इथेच गडबड आहे.

जुन्या चपट्या यूएसबीमध्ये चार्जर प्लगमध्ये लावला की ५ व्होल्ट तयार असायचे, समोर काय आहे याची चौकशी नाही. टाइप-सी ते टाइप-सी केबल असेल तर चार्जर आधी ओळख विचारतो. पोर्टमध्ये २४ संपर्क असतात, १२ वर आणि १२ खाली. त्यातले दोन फक्त या ओळखीसाठी असतात, दोन्ही रांगांत एकेक. फोनमध्ये त्या ठिकाणी ५.१ किलोओहमचा रोध असतो. चार्जरला तो दिसला की तो म्हणतो, हा, समोर वीज घेणारं यंत्र आहे, आणि मगच वीज सोडतो. रोध दिसला नाही तर शून्य व्होल्ट.

केबल मात्र त्या दोनपैकी एकाच संपर्काचा वापर करते. कुठला, ते तुम्ही पिन कुठल्या बाजूने लावली त्यावर ठरतं. मामांच्या फोनमधला एक संपर्क गेला होता आणि दुसरा शाबूत होता, म्हणून एका बाजूने मीटरसुद्धा पेटला नाही आणि उलटी पिन लावल्यावर वीज आली. दुकानदाराने केबल एकाच बाजूने लावून बघितली होती. टाइप-सी दोन्ही बाजूंनी सारखीच लागते हे आपण इतकं गृहीत धरलंय की उलटी करून बघायचं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. यूएसबी पॉवर डिलिव्हरी ही सगळ्यांसाठी खुली पद्धत आहे. चार्जर आणि फोन बोलून ५, ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरवतात. पण अनेक कंपन्यांची स्वतःची वेगळी पद्धत असते, तिला त्यांचाच चार्जर आणि त्यांचीच केबल लागते. ८० वॉटचा म्हणून घेतलेला चार्जर दुसऱ्या कंपनीच्या फोनला अगदीच हळू चार्ज करेल. तो बिघाड नाही, दोघांना एकमेकांची भाषा येत नाही इतकंच. युरोपच्या नियमात म्हणूनच फक्त पिनचा आकार नाहीये. जलद चार्जिंग असेल तर फोनला पॉवर डिलिव्हरीही आली पाहिजे, असंही त्यात आहे.

साधा हिशोब करू. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी पोर्टमधून ५ व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. यात फोन भरायला आठ तासांहून जास्त लागतील. त्यात वर हॉटस्पॉट चालू असेल तर चार्जिंगचं चिन्ह दिसत असूनही टक्के उतरतील. "चार्ज होत नाही" म्हणून आलेल्या कितीतरी तक्रारी प्रत्यक्षात "पुरेसा चार्ज होत नाही" या असतात.

बिघाड शोधायचा क्रम

मी सॉफ्टवेअरवाला आहे, हार्डवेअरचा कारागीर नाही. पण बग शोधताना आमचा एक नियम असतो, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल, चार्जर आणि प्लग तिन्ही एकदम बदलून फोन चार्ज झाला तर काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. खालचा क्रम स्वस्त कारणापासून महागाकडे जातो.

सगळ्यात आधी, फोनमध्ये थोडेफार टक्के उरले असतील तर ते तपासणीत घालवू नका. फोटो, कागदपत्रं, चॅट यांचा बॅकअप घ्या. नंतर काय होईल सांगता येत नाही.

१. केबल तीच ठेवून पिन उलटी करून बघा. एका बाजूने चालतंय, दुसऱ्या बाजूने नाही, तर पोर्टवर किंवा केबलच्या टोकावर संशय. तीच केबल दुसऱ्या फोनला दोन्ही बाजूंनी लावा. तिथे चालली तर दोष तुमच्या पोर्टमध्ये.

२. चार्जर तोच ठेवून केबल बदला. मग केबल तीच ठेवून चार्जर बदला. शेवटी प्लग बदला. एक्स्टेंशन बोर्डवर नाही, थेट भिंतीवरच्या प्लगमध्ये लावून बघा. जमलं तर एकदा जुन्या चपट्या टोकाच्या केबलनेही बघा. तिच्यात वीज आधीच तयार असते, त्यामुळे फरक दिसला तर तोही पुरावा आहे.

३. पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. जीन्सच्या खिशातला तंतूंचा बोळा दाबून दाबून तळाशी घट्ट बसतो. मग पिन पूर्ण आत जात नाही, सैल वाटते. फोन बंद करून दात कोरायच्या लाकडी काडीने हलक्या हाताने तो काढा. सुई, टाचणी, सेफ्टी पिन अजिबात नको. मधली जीभ आणि तिच्यावरचे संपर्क फार नाजूक असतात.

४. ओलाव्याची सूचना येत असेल तर तिचं ऐका. ओल्या पोर्टमध्ये वीज गेली की संपर्क झपाट्याने गंजतात. फोन पोर्ट खाली करून मोकळ्या हवेत ठेवा. तांदळात पुरू नका. ॲपलनेही ते स्पष्ट शब्दांत नको म्हटलंय, कारण तांदळाचे कण फोनमध्ये जातात.

५. फोन हाताला गरम लागतोय का? लिथियम बॅटरी तापली की फोन स्वतःच चार्जिंग कमी करतो किंवा थांबवतो. आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत वापरावा असं ॲपल सांगते. आपल्याकडे मराठवाडा-विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या दुकानात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंग थांबलं तर आधी फोन सावलीत, पंख्याखाली ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.

६. फोन पूर्ण काळा असेल तर त्याच्यावर कॉल करा. वाजला तर चार्जिंग ठीक आहे, गेलाय तो स्क्रीन. वाजला नाही तर पॉवर आणि व्हॉल्यूम कमी करायचं बटण वीसेक सेकंद एकत्र दाबून धरा. अडकलेला फोन त्याने पुन्हा सुरू होऊ शकतो. आयफोनची पद्धत वेगळी आहे, व्हॉल्यूम वाढवायचं बटण एकदा, कमी करायचं एकदा दाबून मग बाजूचं बटण धरून ठेवायचं.

७. खूप दिवस पडून असलेल्या फोनला वेळ द्या. बॅटरी अगदी तळाला गेली की फोन तिला सुरुवातीला अगदी थोडी थोडी वीज देतो, कारण रिकाम्या लिथियम बॅटरीत एकदम जोरात वीज सोडणं धोक्याचं असतं. निदान अर्धा तास काहीही न करता ठेवा.

८. फोनमध्ये वायरलेस चार्जिंग असेल तर ती उत्तम चाचणी आहे. वायरलेसवर चार्ज होतोय आणि वायरने नाही, तर बॅटरी बहुतेक ठीक आहे, दोष पोर्टच्या बाजूला.

आणि एक गोष्ट क्रमाच्या बाहेरची. फोनची पाठ फुगलीये, स्क्रीन एका कडेने उचललाय असं दिसलं तर वरचं काहीही करू नका. चार्जर काढा, फोन दाबू नका, अंथरुणापासून आणि कागदा-कापडापासून लांब ठेवा आणि बॅटरी बदलून घ्या.

चार्जिंगचा निर्णय आता सॉफ्टवेअरही घेतं

मला मेसेज करून विचारलेल्या प्रश्नांत हा एक हमखास असतो, "दादा, फोन ८० टक्क्यांवरच अडकतो." बहुतेकदा सेटिंगमध्ये बॅटरी वाचवायचा पर्याय चालू असतो. बॅटरी सतत १०० टक्के भरलेली ठेवली तर ती लवकर थकते, म्हणून कंपन्यांनीच ८० टक्क्यांची मर्यादा दिलीये. आयफोन १५ पासून ती आहे, सॅमसंगसह अनेक अँड्रॉइड फोनमध्येही आहे. दुकानात जायच्या आधी बॅटरीच्या सेटिंगमध्ये एकदा डोकवा.

पण प्रत्येक वेळी हा पर्याय आपल्या हातात असतोच असं नाही. जुलै २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल ६ए साठी सक्तीचं अपडेट आणलं. बॅटरी तापण्याचा धोका कमी करण्यासाठी, ४०० चार्ज सायकल झालेल्या फोनची बॅटरीची क्षमता आणि चार्जिंगचा वेग त्यात कमी केला गेला. सुरक्षेचं कारण होतं आणि ते गंभीर होतं, हे मान्य. तरी वापरणाऱ्याच्या बाजूने बघा. काल नीट चालणारा फोन आज लवकर उतरतो, हार्डवेअरमध्ये काहीच बदललेलं नाही, आणि गल्लीतला कारागीर कितीही हुशार असला तरी त्याला उघडून काही सापडणार नाही. म्हणून "कधीपासून होतंय?" या प्रश्नासोबत "त्याच्या आसपास अपडेट आलं होतं का?" हाही प्रश्न विचारायला हवा.

बिघाड सापडला. पुढे?

मामांच्या फोनकडे परत येतो. दुकानदाराने त्यांना फसवलं असं मला वाटत नाही. त्याच्याकडे त्या मॉडेलचा चार्जिंग बोर्ड नव्हता, सर्किटचा नकाशा नव्हता. बोर्ड गेलंय म्हणणं त्याच्यासाठी सुरक्षित होतं. नवा फोन विकून त्याला पैसेही मिळणार होते. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला फोन लावून विचारलं तर तिथेही उत्तर तसंच, तपासायला ठेवून जा, बहुधा आख्खा बोर्ड बदलावा लागेल. म्हणजे साडेतीनशे रुपयांचा भाग दोन्हीकडे कुणी बघितलाच नाही.

युरोपात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी नेमकी हीच जागा पकडलीये. तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनचे ठरावीक सुटे भाग ५ ते १० कामाच्या दिवसांत द्यावे लागतात, आणि ते मॉडेल विकणं बंद झाल्यावरही ७ वर्षं द्यावे लागतात. व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना जे भाग द्यायचे त्या यादीत चार्जिंग पोर्टचं नाव आहे. बॅटरीने ८०० चार्ज सायकलनंतरही मूळ क्षमतेच्या निदान ८० टक्के टिकवले पाहिजेत. फोनच्या लेबलवर दुरुस्तीसोपेपणाची श्रेणी छापावी लागते. पुढे १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद सोडून, छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता आली पाहिजे, असाही वेगळा नियम आहे.

भारतात काय? २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्राने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. शेतीची अवजारं, मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशा चार क्षेत्रांतल्या कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग, वॉरंटी यांची माहिती तिथे एकत्र मिळावी असा हेतू. नंतर एका समितीने फोन आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी दुरुस्ती निर्देशांकाची चौकट मांडली आणि मे २०२५ मध्ये अहवाल दिला. फ्रान्समध्ये असा निर्देशांक, १० पैकी गुण, २०२१ पासून वस्तूंवर दिसतो.

पोर्टलवर माहिती असणं आणि बार्शीच्या दुकानदाराला दहा दिवसांत पोर्ट मिळणं यात मोठं अंतर आहे. अहवाल म्हणजे नियम नव्हे. आणि आपल्याकडे खरी ताकद तर आहेच. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचं टपरीवजा दुकान, मायक्रोस्कोपखाली बोर्डवरची आयसी बदलणारी पोरं आपल्याकडे आहेत. त्यांना अधिकृत भाग आणि नकाशे मिळाले तर "बोर्ड गेलाय" हे वाक्य कमी ऐकू येईल. चार्जरची पिन एक करण्यापेक्षा, आपल्या खिशाला याचा फायदा जास्त आहे असं मला वाटतं.

दुकानात जाताना

वरचा क्रम करून गेलात तर तुम्ही "चार्ज होत नाही" एवढंच सांगत नाही. "एका बाजूने होतो, दुसऱ्या बाजूने नाही, केबल-चार्जर बदलून बघितलेत" असं सांगता. कारागिराचा अर्धा वेळ वाचतो आणि तुम्हाला काहीही सांगणं अवघड होतं.

सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. पिन किंवा पॅटर्न सांगू नका. सॅमसंग आणि पिक्सेलच्या बऱ्याच फोनमध्ये दुरुस्तीसाठी वेगळा मोड असतो, तो चालू केला की तुमचा डेटा न दाखवता फोन तपासता येतो. मग तीन प्रश्न विचारा. नेमका कुठला भाग गेलाय, मोजून बघितलंत का? तो भाग सुटा मिळतो का? बदललेला जुना भाग मला परत द्याल का? वॉरंटीतला फोन असेल आणि सर्व्हिस सेंटर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बिल आणि जॉबशीट जपून ठेवा, त्याशिवाय तक्रार उभी राहत नाही.

मामांचा तो जुना फोन आता मामी वापरतात. रसवंतीवर नेताना मामी त्याच्या पोर्टला रबरी टोपण लावतात, दहा रुपयांचं. मामा अजून म्हणतात, "तू एप्रिलमध्ये आला असतास तर." मी एप्रिलमध्ये पुण्यात होतो आणि त्यांनी मला फोन केला नव्हता, कारण फोनच बंद होता. तुमच्या घरी खणात असा एखादा फोन पडलेला असेल तर आज काढा, आधी पाठ फुगली नाहीये ना ते बघा, आणि केबल दोन्ही बाजूंनी लावून अर्धा तास थांबा.